साताऱ्याएवढा देश, जगभर माणसं

मराठी विभागासाठी लेख दे, असं मॅगझिनच्या टीमने सांगितलं तेव्हा मी आधी चक्क टाळाटाळ केली. माझी अख्खी शाळा कॉन्व्हेंटमध्ये झाली. मराठी हा तिथे फक्त एक पेपर, तोही पास होण्यापुरता. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या तर वाचकांनी आणि विशेषतः सरांनी सांभाळून घ्यावं!

तर झालं असं की, आमच्या होस्टेलच्या क्विझमध्ये एक प्रश्न आला: गायिका शकीरा, मेक्सिकोचा अब्जाधीश कार्लोस स्लिम आणि चॅलेंजर यानातली शिक्षिका ख्रिस्ता मॅकऑलिफ या तिघांत समान काय? आमच्या टीमने डोकं खाजवलं, आणि शेवटी ‘पास’ म्हटलं. उत्तर होतं, तिघांच्याही घराण्याची मुळं लेबनॉनमध्ये आहेत. एक कोलंबियाची, एक मेक्सिकोचा, एक अमेरिकेची, आणि मूळ गाव एकाच चिमुकल्या देशात. पॉइंट गेले ते गेलेच, पण प्रश्न डोक्यातून जाईना. सबमिशन बाजूला ठेवून (हे एचओडींनी वाचू नये) मी शोधायला बसले. जे सापडलं ते इथे देते.

देश केवढा आणि माणसं किती

लेबनॉनचं क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर. माझी रूम पार्टनर साताऱ्याची. तिला आकडा सांितल्यावर ती म्हणाली, “अगं, मग हा आमच्या जिल्ह्याएवढाच झाला की!” आणि खरंच, सातारा जिल्हाही साधारण तेवढाच आहे. एका बाजूला भूमध्य समुद्र, मध्ये बर्फाचे डोंगर, पलीकडे बेका नावाचं सुपीक खोरं. देशात राहणारे लोक साधारण पन्नास-साठ लाख. बाहेर गेलेल्यांच्या वंशजांचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण बहुतेक अंदाजांत बाहेरचे लोक आतल्यांपेक्षा जास्तच भरतात. त्यातले सर्वात जास्त ब्राझीलमध्ये. म्हणजे घरात चार माणसं आणि गावभर दहा, असा प्रकार.

हे लोक गेले का? मला आधी वाटलं, व्यापारी जमात असेल, हौसेने गेली असेल. तसं नाही. एकोणिसाव्या शतकात माउंट लेबनॉनच्या डोंगरातले शेतकरी तुतीची झाडं लावून रेशमाचे कोष काढत आणि ते रेशीम फ्रान्सला जाई. १८६० मध्ये तिथे द्रुझ आणि मॅरोनाइट ख्रिश्चन यांच्यात मोठा रक्तपात झाला. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि चीन-जपानचं स्वस्त रेशीम युरोपात सहज पोचू लागलं. भाव घसरले. सगळी शेती एकाच पिकावर अवलंबून, त्यामुळे कर्ज वाढलं. एका पिकाचा भाव पडला की डोंगरातलं खेडं कसं रिकामं होतं, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.

१८८० नंतर तरुण पोरं बैरूतच्या बंदरातून बोटीत बसू लागली. पुढे पहिल्या महायुद्धात नाकेबंदी, टोळधाड आणि दुष्काळ एकत्र आले आणि १९१५ ते १९१८ या काळात माउंट लेबनॉनमध्ये अंदाजे दोन लाख माणसं भुकेने आणि रोगाने मेली. जे आधी गेले होते ते वाचले. त्यानंतर ‘जाणं’ ही गोष्ट त्या समाजाच्या हाडात बसली.

पेटी, दुकान, कॉलेज

गेलेल्या माणसाजवळ ना भाषा ना भांडवल. मग तो काय करी? खांद्यावर पेटी घेऊन दारोदार फिरे. पेटीत सुया, दोरे, बटणं, आरसे, कंगवे, लेस आणि जपमाळा. ब्राझीलमध्ये अशा फेरीवाल्यांना ‘मास्काते’ म्हणत. माल उधारीवर मिळे तो आधी आलेल्या गाववाल्याच्या दुकानातून. पाच-सात वर्षं पायपीट केली की स्वतःचं छोटं दुकान, आणि मग नवीन आलेल्या पोराला हा उधारी देई. दुकानावर पोरगा कॉलेजात. पेटी, दुकान, कॉलेज या तीन पायऱ्यांवर बहुतेक घराणी चढली.

त्यांच्याकडे तुर्की ऑटोमन साम्राज्याचे कागद असत, म्हणून लॅटिन अमेरिकेत त्यांना ‘तुर्को’ म्हणजे तुर्क म्हणून हिणवत. ज्या तुर्की राजवटीतून पळाले तिचंच नाव त्यांना चिकटलं! नावांचीही अशीच मोडतोड झाली. दबाघी (म्हणजे कातडी कमावणारे) हे आडनाव अमेरिकेत ‘डिबेकी’ झालं. सलीमचं ‘स्लिम’ झालं. जिब्रान खलील जिब्रान या मुलाचं नाव बोस्टनच्या शाळेत अर्धं कापलं गेलं आणि उरलेल्या ‘खलील’च्या स्पेलिंगमध्ये एच भलत्याच जागी पडला, तो आजही पुस्तकांच्या कव्हरवर तसाच आहे. माझ्याही नावातला ‘ळ’ शाळेत पहिलीपासून ‘ल’ झाला होता, त्यामुळे मला हे वाचून फार जवळचं वाटलं.

जिब्रान आणि गाव

याच जिब्रानपासून सुरुवात करू, कारण मराठी वाचकाला तो परका नाही. वि. स. खांडेकरांनी त्याच्या रूपककथा मराठीत आणल्या. आपल्या आजोबांच्या पिढीच्या कपाटात त्या हमखास सापडतात.

जिब्रान १८८३ मध्ये बशर्री या डोंगराळ गावात जन्मला. १८९५ मध्ये आई चार मुलांना घेऊन बोस्टनला आली आणि तिने तीच पेटी खांद्यावर घेतली. दारोदार लेस आणि कापड विकलं. १९०२-०३ मध्ये एक बहीण, सावत्र भाऊ आणि आई, तिघंही गेले. उरलेल्या बहिणीने शिवणकाम करून भावाला पोसलं. ‘द प्रॉफेट’ १९२३ मध्ये आलं. १९३१ मध्ये तो न्यूयॉर्कला वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला बशर्रीत पुरलं. पुस्तकांची रॉयल्टी त्याने गावाच्या नावे केली होती. पण गंमत (खरं तर दुःख) बघा, त्या पैशावरून पुढे गावातल्या घराण्यांमध्येच भांडणं झाली.

आपल्या ब्रँचची माणसं

आता इंजिनिअरिंगच्या पोरांना रस वाटेल अशी नावं.

कार्लोस स्लिमचे वडील १९०२ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, तुर्की सैन्यातली सक्तीची भरती टाळायला मेक्सिकोला आले. १९११ मध्ये त्यांनी मेक्सिको सिटीत ‘पूर्वेचा तारा’ अशा अर्थाच्या नावाचं दुकान काढलं. मुलांना ते वही देत आणि खिशातल्या प्रत्येक पैशाचा हिशोब लिहायला लावत. कार्लोस सिव्हिल इंजिनिअर झाला आणि शिकता शिकता त्याच विद्यापीठात बीजगणित आणि लिनिअर प्रोग्रॅमिंग शिकवतही होता. (आपल्याला ओआरच्या पेपरात रडवणारं तेच ते लिनिअर प्रोग्रॅमिंग!) १९९० मध्ये मेक्सिकोची सरकारी टेलिफोन कंपनी विकली गेली, ती त्याच्या गटाने घेतली. २०१० ते २०१३ या काळात फोर्ब्जच्या यादीत तो जगात पहिला होता. मक्तेदारीमुळे मेक्सिकोत फोन महाग राहिला, अशी टीकाही त्याच्यावर भरपूर झाली.

हसन कामिल अल-सब्बाह हे नाव इलेक्ट्रिकलवाल्यांनी लक्षात ठेवावं. १८९५ मध्ये दक्षिण लेबनॉनमधल्या नबातियेत जन्म. १९२३ मध्ये तो अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये लागला आणि एसीचं डीसी करणाऱ्या मर्क्युरी आर्क रेक्टिफायरवर त्याने पेटंटं मिळवली. १९३५ मध्ये मोटार अपघातात गेला, तेव्हा चाळिशीही झाली नव्हती.

बेका खोऱ्यातल्या रयाक गावचा चार्ल्स एलाची २००१ ते २०१६ नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेचा डायरेक्टर होता. मंगळावर स्पिरिट, ऑपॉर्च्युनिटी आणि क्युरिऑसिटी या गाड्या उतरल्या त्या त्याच्याच काळात. आपल्या चांद्रयान-१ वरचं एम-थ्री हे उपकरणही जेपीएलमध्ये बनलं होतं. चंद्रावर पाण्याचे रेणू असल्याचं २००९ मध्ये जाहीर झालं ते त्याच्याच नोंदींवरून.

आणि ज्या आयपॉडसाठी एकेकाळी मुलं घरी हट्ट करत, त्याची टीम उभी करणारा टोनी फॅडेल, त्याचे वडील लेबनीज. (स्टीव्ह जॉब्जचे जन्मदाते वडील मात्र सीरियाचे. क्विझमध्ये घोळ करू नका. आणि कियानू रीव्ह्ज बैरूतला जन्मला, पण तो लेबनीज वंशाचा नाही. हाही सापळा आहे.)

शिवणयंत्रावरची रक्तवाहिनी

माझा सर्वात आवडता माणूस मात्र डॉक्टर आहे. मायकेल डिबेकी, जन्म १९०८, अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात. आई-वडील लेबनॉनहून आलेले. आई उत्तम शिवायची आणि तिने मुलालाही शिवायला शिकवलं.

मेडिकलचा विद्यार्थी असतानाच त्याने रोलर पंप सुधारून रक्तासाठी वापरण्याजोगा केला. तत्त्व एकदम सोपं. अर्धगोल खोबणीत एक लवचीक नळी ठेवायची आणि फिरणाऱ्या रोलरने ती दाबत न्यायची. टूथपेस्टची ट्यूब दाबतो तसं आतलं द्रव पुढे सरकतं. फायदा असा की रक्त फक्त नळीला लागतं, मशीनच्या कुठल्याही भागाला लागत नाही. व्हॉल्व्ह नाही, सील नाही. पुढे हार्ट-लंग मशीनमध्ये रक्त फिरवायला हाच पंप कामी आला, आणि हृदय थांबवून ऑपरेशन करणं शक्य झालं. पंप्स हे चॅप्टर आपण ऑप्शनला टाकतो, तेव्हा हे जरा आठवावं.

१९५० च्या दशकात त्याला खराब झालेल्या रक्तवाहिनीच्या जागी बसवायला कृत्रिम नळी हवी होती. तो ह्यूस्टनच्या एका दुकानात नायलॉन घ्यायला गेला. नायलॉन संपलं होतं, दुकानदाराने डॅक्रॉन दिलं. डॅक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर, आपल्याकडच्या टेरिलिनचा सख्खा भाऊ. घरी येऊन बायकोच्या शिवणयंत्रावर त्याने स्वतः नळी शिवली. शरीराने ती स्वीकारली. पुढे टेक्स्टाइल इंजिनिअरच्या मदतीने शिवण नसलेली नळी विणणारं मशीन तयार झालं.

१९८४ मध्ये त्याने नासाच्या एका इंजिनिअरवर हृदयरोपण केलं. बरा झाल्यावर तो इंजिनिअर आपले सहकारी घेऊन आला आणि सगळ्यांनी मिळून हृदयाला मदत करणारा छोटासा पंप बनवायला घेतला. स्पेस शटलच्या इंजिनातला इंधनाचा प्रवाह अभ्यासायला जे कॉम्प्युटर सिम्युलेशन वापरत, तेच रक्ताच्या पेशी फुटू नयेत म्हणून वापरलं. १९९८ मध्ये तो पंप पहिल्यांदा माणसात बसवला गेला. पुढे ९७ व्या वर्षी डिबेकीच्याच महाधमनीला चीर गेली. २००६ मध्ये त्याच्या शिष्यांनी त्याच्यावर ऑपरेशन केलं, त्यानेच विकसित केलेल्या पद्धतीने. तो वाचला आणि २००८ मध्ये, शंभरी गाठायला दोन महिने कमी असताना गेला.

रोपण म्हटलं की पीटर मेडावरही आलाच. जन्म ब्राझीलचा, वडील लेबनीज. एकाची त्वचा दुसऱ्याचं शरीर का नाकारतं, हे त्याने युद्धात भाजलेल्या लोकांवर उपचार होत असताना अभ्यासायला घेतलं. १९६० चं नोबेल त्याला विभागून मिळालं. रसायनशास्त्रातलं १९९० चं नोबेल इलायस कोरीला, तोही अमेरिकेत लेबनीज आई-बापांच्या पोटी जन्मलेला. त्याची पद्धत आपण गणितात चोरून वापरतोच: उत्तर आधी बघायचं आणि तिथून एकेक पायरी मागे यायचं! फक्त तो हे अवघड रेणू बनवण्यासाठी करत होता.

गणितात मायकेल अतिया आहे. वडील लेबनीज, आई स्कॉटिश, १९६६ चं फील्ड्स मेडल. त्याच्या एका प्रसिद्ध प्रमेयाचं नाव अतिया-पटोदी-सिंगर असं आहे. त्यातला पटोदी म्हणजे आपल्या मुंबईच्या टीआयएफआरचा विजयकुमार पटोदी. १९७६ मध्ये तो फक्त ३१ व्या वर्षी गेला. एका ओळीत लेबनॉन आणि कुलाबा शेजारी आलेले बघून मला उगाचच भरून आलं.

जबाबदारीचा धडा

राल्फ नेडरचे आई-वडील लेबनॉनहून अमेरिकेत आले. वडिलांचं छोट्या गावात हॉटेल होतं. १९६५ मध्ये त्याने मोटारी मुळातच असुरक्षित बनवल्या जातात, असं सांगणारं पुस्तक लिहिलं. जनरल मोटर्सने त्याच्यामागे खाजगी गुप्तहेर लावले, आणि नंतर कंपनीच्या अध्यक्षाला जाहीर माफी मागावी लागली. १९६६ मध्ये अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला. आज गाडीत सीट बेल्ट असतोच, हे आपण गृहीत धरतो; त्यामागे हे भांडण आहे.

ख्रिस्ता मॅकऑलिफ आईकडून लेबनीज वंशाची. अकरा हजारांहून जास्त अर्जांतून निवडलेली शाळेतली शिक्षिका. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर उडालं, ७३ सेकंदांत फुटलं आणि सातही जण गेले. बूस्टरच्या जोडातली रबरी ओ-रिंग थंडीत कडक झाली होती. आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी ‘उडवू नका’ असं सांगितलं होतं. मॅनेजमेंटने ऐकलं नाही. प्रोफेशनल एथिक्सचा तास आपण झोपून काढतो, पण हे वाचल्यावर मला झोप आली नाही.

सगळेच हिरो नाहीत

कार्लोस गोन ब्राझीलमध्ये जन्मला, बैरूतला वाढला, पॅरिसला इंजिनिअर झाला. १९९९ मध्ये तो बुडत्या निसानमध्ये गेला. पाच कारखाने बंद, २१,००० नोकऱ्या कमी, आणि कंपनी नफ्यात. त्याच्या काळात रेनॉने महिंद्राबरोबर लोगान ही गाडी आपल्या नाशिकमध्ये बनवली होती, २००७ मध्ये. २०१८ मध्ये पगार लपवल्याच्या आरोपाखाली टोकियोत त्याला अटक झाली. आरोप त्याने नाकारले, आणि २०१९ च्या डिसेंबरात जामिनावर असताना ऑडिओ उपकरणांच्या पेटीत लपून तो विमानाने पळाला आणि बैरूतला पोचला! आजोबांच्या पिढीने पेटी खांद्यावर घेतली, हा पेटीत बसला.

राजकारणातही तसंच. कोलंबियात तुर्बाय, ब्राझीलमध्ये मिशेल टेमेर, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये २०२० मध्ये निवडून आलेले लुइस अबिनादेर, सगळे लेबनीज वंशाचे राष्ट्राध्यक्ष. पण इक्वाडोरच्या बुकारामला संसदेने १९९७ मध्ये सहा महिन्यांत ‘मानसिक असमर्थता’ या कारणाने घालवलं, तोही याच यादीत.

आणि शकीरा? आजी-आजोबा लेबनॉनहून न्यूयॉर्कला गेले, वडील तिथे जन्मले, ती कोलंबियात. नावाचा अर्थ ‘आभारी’. आपण म्हणतो तो ‘शुक्रिया’ त्याच अरबी धातूतला. होस्टेलच्या गॅदरिंगमध्ये तिचं गाणं लावणाऱ्यांनी एवढं तरी जाणून घ्यावं. तसंच मेक्सिकोचा प्रसिद्ध ‘टाको अल पास्तोर’ हा लेबनीज लोकांनी नेलेल्या शवर्म्याचाच वंशज. आपल्या गेटबाहेरच्या गाडीवरचा शवर्मा म्हणजे त्याचा दूरचा चुलतभाऊ.

मग यातून काय घ्यायचं?

‘लेबनीज रक्तातच हुशारी असते’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. एक तर अशा याद्यांत फक्त जिंकलेले येतात. पेटी घेऊन फिरताना तापाने मेलेल्यांची यादी कोणी करत नाही. दुसरं, हुशारीला कारणं होती. बैरूतला १८६६ मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांनी आणि १८७५ मध्ये फ्रेंच पाद्र्यांनी कॉलेजं काढली, डोंगरातल्या खेड्यांतही मिशनच्या शाळा होत्या. पोरं अरबीबरोबर फ्रेंच-इंग्लिश शिकून निघत. मी स्वतः नन्सच्या हाताखाली शिकले, त्यामुळे सांगते: अशी शाळा तुम्हाला बाहेरचं दार उघडून देते, आणि त्याच वेळी घरातली भाषा थोडी सैल करते. दोन्ही खरं आहे. आणि तिसरं कारण म्हणजे उधारी देणारा गाववाला.

पण हिशोबाची दुसरी बाजूही आहे. १९७५ ते १९९० तिथे यादवी युद्ध झालं, पुन्हा लाखो लोक गेले. २०१९ पासून चलन कोसळलं, नव्वद टक्क्यांहून जास्त किंमत गेली. ४ ऑगस्ट २०२० ला बैरूत बंदरात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेट फुटलं आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. डॉक्टर, नर्स, इंजिनिअर पुन्हा बॅगा भरू लागले. बाहेरून येणाऱ्या पैशावर आज देश तग धरून आहे. पण पैसा पाठवणारा मुलगा आजारी आईला दवाखान्यात नेऊ शकत नाही. जगाला डिबेकी मिळाला, हे लेबनॉनचं भाग्य की नुकसान?

हे सगळं मी रूम पार्टनरला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “माझे आजोबा मुंबईला माथाडी कामगार होते. दर महिन्याला मनीऑर्डर यायची. गावातलं घर त्या पैशावर बांधलं. पण आजी म्हणायची, घर बांधलं खरं, त्यात राहायला माणूस कुठं होतं?” तिला स्वतःला कॅम्पसमधून जॉब लागलाय, पहिलं पोस्टिंग बाहेरच्या देशात. घरी पेढे वाटून झाले, पण तिने अजून होकार कळवलेला नाही.

मी तिला काय सांगणार? जा असंही म्हणवत नाही, जाऊ नको असंही नाही. फक्त एवढं म्हटलं, की पेटी घेऊन गेलेल्यांतले जे पुढच्या पोराला उधारी द्यायला विसरले नाहीत, त्यांच्यामुळेच ही यादी एवढी लांब झाली. जिथे जाशील तिथे तेवढं कर.

ती हसली आणि म्हणाली, “आधी मेसचे पैसे दे. तीही उधारीच आहे.”

— एक विद्यार्थिनी, टी. ई. मेकॅनिकल